पत्ता नाही तर पगार नाही? बेघर माणसाचं रेशन, आधार आणि निराधार योजना

गोदाकाठ

प्रश्न सरळ आहे. ज्या माणसाला घरच नाही त्याला रेशन, निराधारची पगार (म्हणजे योजनेचं महिन्याचं अनुदान), दवाखाना हे सगळं लागू होतं का? आणि होत असेल तर अर्जावर पत्त्याच्या रकान्यात लिहायचं काय?

विचारायचं कारण सांगतो. मी राहतो ते मराठवाड्यातलं एक जिल्ह्याचं गाव. आम्ही काही मित्र रात्री स्टँडच्या आसपास झोपणाऱ्यांना जेवण देतो. तिथं एक मावशी आहेत, साठी ओलांडलेल्या. मूळच्या मराठवाड्यातल्याच, बालाघाट डोंगराकडच्या. नवरा-बायको कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे. नवरा वारला, गायरानातलं कुडाचं घर एका पावसाळ्यात पडलं, मुलगा कामाला म्हणून चाकणकडं गेला तो परत आलाच नाही. आता त्या भंगार वेचतात आणि रात्री एका बंद दुकानाच्या ओट्यावर पाठ टेकतात.

कमरेला एक प्लास्टिकची पिशवी बांधलेली असते. तिच्यात नवऱ्याच्या नावाचं रेशनकार्ड आहे, घडीवर फाटलेलं, आतली पानं पावसानं एकमेकांना चिकटलेली. वरचा नंबर तेवढा वाचता येतो. आधार कधी काढलं होतं का, तर "टोळीवर असताना डोळ्याला मशीन लावली होती" एवढंच त्यांना आठवतं. कार्ड हातात कधी आलं नाही.

त्यांना घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, राहता कुठं? मावशींनी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, पत्ता नाही तर अर्ज घेता येत नाही. रेशनवाले म्हणतात आधार आणा. आधारवाले म्हणतात पत्त्याचा पुरावा आणा. पत्त्याचा पुरावा म्हणजे रेशनकार्ड. ह्या चक्रातून बाहेर कसं पडायचं? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुना_पेशकार

महसूल खात्यात आयुष्य गेलं, त्यातली बरीच वर्षं संगायो (संजय गांधी योजना) शाखेत. म्हणून जरा लांब लिहितो.

पहिली गोष्ट, संजय गांधी निराधार अनुदान योजना असो की श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना, स्वतःचं घर असलं पाहिजे अशी अट कुठेही नाही. अट आहे ती महाराष्ट्राचा किमान १५ वर्षांचा रहिवासी असण्याची. रहिवास महाराष्ट्राचा हवा, त्या गल्लीचा किंवा त्या शहराचा नव्हे. हा फरक खिडकीवर कोणी सांगत नाही. मावशींचा जन्म इथला, लग्न इथलं, मतदान इथलं. मग पुरावा शहरात शोधूच नका, त्यांच्या गावात शोधा. जुन्या मतदार यादीत नाव असतं, त्या यादीची प्रत मिळते. गावचे तलाठी, ग्रामसेवक, सरपंच ओळखतात. माणूस गाव सोडून गेला तरी गावच्या दप्तरातून पुसला जात नाही.

दुसरं, वय. ६५ पूर्ण असेल तर श्रावणबाळ. त्याखाली असेल तर संजय गांधी, आणि त्यात निराधार विधवा बसते. दिव्यांग, परित्यक्ता, घटस्फोटित, अनाथ मुलं, दुर्धर आजाराचे रुग्ण, तृतीयपंथी हेही बसतात. दोन्हीकडे महिन्याला १५०० रुपये, जुलै २०२३ पासून. आधी हजार होते.

तिसरं, उत्पन्न. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत, किंवा दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो आणि तो तलाठ्याच्या चौकशीवर निघतो. बेघर माणसाची चौकशी करायची कुठे, हा तलाठ्याचाही खरा प्रश्न असतो. अशा वेळी जिथे ती व्यक्ती झोपते तिथल्या चार दुकानदारांचे जबाब घेऊन पंचनामा करायला सांगा. होतो. मी स्वतः केलेले आहेत.

अर्ज आपले सरकार केंद्रावर भरा किंवा तहसीलमध्ये द्या, पण पोच घेतल्याशिवाय हलू नका. "अर्ज घेता येत नाही" हे तोंडी उत्तर असतं, त्यावर पुढे काहीच करता येत नाही. अर्ज घेतला आणि त्रुटी काढली तर ती लेखी येते, मग तिला उत्तर देता येतं. भांडू नका, आवाज चढवू नका. एवढंच म्हणा, "साहेब, अर्ज घ्या आणि काय कमी आहे ते लिहून द्या."

मंजुरी तालुक्याच्या समितीत होते. बैठक कधी लागते त्यावर सगळं अवलंबून, म्हणून बैठकीची तारीख संगायोच्या कारकुनाला विचारत राहायचं.

वकील_नांदेडकर

पेशकार साहेबांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. आधारबद्दल थोडं.

आधार कायदा, २०१६. त्याचं कलम ५ वाचा. स्त्रिया, ज्येष्ठ, दिव्यांग, असंघटित कामगार, भटक्या जमाती आणि ज्यांना कायमस्वरूपी राहण्याची जागा नाही अशा व्यक्तींना आधार देण्यासाठी प्राधिकरणाने विशेष उपाय करायचे आहेत. म्हणजे घर नसलेला माणूस कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता. कलम ७ मध्ये पुढे असं आहे की एखाद्याला आधार क्रमांक मिळालेला नसेल तर लाभ देण्यासाठी त्याला ओळखीचा दुसरा व्यवहार्य मार्ग द्यायचा. आधार नाही म्हणून हाकलून द्या असं कायदा म्हणत नाही.

आता पत्त्याचा पुरावा. आधारचा एक ठरलेला प्रमाणपत्राचा नमुना असतो, फोटो चिकटवून वर सही-शिक्का मारायचा. तो राजपत्रित अधिकारी, तहसीलदार, आमदार, खासदार, नगरसेवक देऊ शकतात, खेड्यात सरपंच. मान्यताप्राप्त निवारागृहाचे अधीक्षकही देऊ शकतात. तारखेपासून तीन महिने चालतो. नोंदणी फुकट असते, पैसे मागितले तर देऊ नका.

मतदार नोंदणीत तर निवडणूक आयोगाचीच सूचना आहे. बेघर माणसाने नमुना ६ मध्ये तो जिथे झोपतो ती जागा लिहायची, बीएलओने (त्या भागातली मतदार यादी बघणारा अधिकारी) रात्री तिथे जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का ते पाहायचं. दिसला की कागदी पुराव्याची गरज नाही. ही सूचना छापून सोबत ठेवा.

निवाऱ्याबद्दल. अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरांत बारमाही, चोवीस तास उघडे निवारे करायला सांगितले. पुढे २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याची योजना झाली, दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची सोय. त्या मार्गदर्शक सूचनांत निवारा म्हणजे नुसतं छप्पर नाही. तिथे राहणाऱ्याला ओळखपत्र, मतदार नोंदणी, रेशन, पेन्शन, बँक खातं मिळवून देणं हे चालकाचं काम म्हणून लिहिलेलं आहे. पैसा पडून राहतो आणि निवारे होत नाहीत, म्हणून २०१६ मध्ये न्यायालयाला न्या. कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख बेघर नोंदले गेले. ही एकट्यादुकट्या आजीची गोष्ट नाही.

गोदाकाठ

मनापासून आभार. एक शंका. आमच्याकडं महापालिकेचं निवारा केंद्र आहे, पण मावशी तिथं राहायला तयार नाहीत. भंगाराचं पोतं आत घेऊ देत नाहीत, आणि पोतं बाहेर ठेवलं तर सकाळी राहत नाही. मग त्यांना तिथल्या अधीक्षकांचं पत्र मिळेल का? नगरसेवकाकडं जावं तर मध्यंतरी कित्येक वर्षं प्रशासकच होते.

वकील_नांदेडकर

जी व्यक्ती तिथे राहत नाही तिच्यासाठी अधीक्षकांनी सही करू नये आणि आपण मागूही नये. उद्या चौकशी निघाली तर ती मावशींवरच उलटेल. राजपत्रित अधिकारी गाठा. सरकारी दवाखान्यातले वर्ग एकचे डॉक्टर चालतात. मावशींना घेऊन समोर जा, आधी ओळख होऊ द्या, मग नमुना पुढे करा. कोऱ्या कागदावर सही कोणी देत नाही आणि देऊही नये.

कोयता_सुटला

मी वडवणीकडचा. आमचे आईबाप कोयत्यावर, मी पण धा वर्षं गाडीसेंटरला काम केलं, आता पोरांना शिकवतो. एक गोष्ट सांगतो, ती आधी करा, बाकीचं मागून.

नवीन काहीच काढू नका. आधी जुनं जिवंत आहे का ते बघा.

मावशी म्हणल्या ना, डोळ्याला मशीन लावली होती? म्हंजे आधार काढलेलं आहे. आमच्याकडं असे लई लोक आहेत. फड हलला, टोळी दुसऱ्या गावाला गेली, कार्ड पोस्टानं आलं तव्हा घेणारं कोणी नव्हतं. आता नवीन काढाया गेलं की सहा महिन्यांनी रद्द होऊन येतं, कारण बोटं आधीच सिस्टीममधी हाईत. आधार केंद्रावर बोटावरून किंवा डोळ्यावरून जुना नंबर शोधून प्रिंट काढून देतात. थोडी फी असती. पत्त्याचा पुरावा लागतच नाही, कारण तुम्ही नवीन काही मागत नाही.

आणि ते फाटकं रेशनकार्ड फेकू नका. त्याच्यावर किंवा दुकानदाराच्या यादीत बारा आकडी आरसी नंबर, म्हंजे रेशनकार्डाचा नंबर, असतो. कोणत्याही रेशन दुकानात मशीनवर तो नंबर टाकला की कार्ड चालू हाय का, कुणाकुणाची नावं हाईत ते दिसतं. नाव असलं आणि आधार जोडलेलं असलं तर गावाला जायची गरजच नाही. एक देश एक रेशनकार्ड म्हणतात ते हेच. आमचे लोक पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यावर अस्ताना तिथल्याच दुकानातून धान्य उचलतात. कर्नाटकात गेले तरी मिळतं. मग स्टँडवरच्या मावशीला कामून मिळू नये?

अडचण एकच येती, अंगठा. ऊस तोडून तोडून बोटाच्या रेषा जातात. माझ्या आईचा अंगठा उन्हाळ्यात लागतच नाही. दुकानदाराला सगळी बोटं लावून बघायला सांगा, न्हाईतर डोळ्याच्या मशीनवर.

मोंढा

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

मी आडतीवर काम करतो. रेशनचा तांदूळ कुठून कुठं जातो ते डोळ्यानं बघतो. गावात अशी माणसं आहेत ज्यांच्याकडं घर आहे, कार्ड आहे, तरी नाव यादीत नाही. बारा-बारा महिने तहसीलला फेऱ्या मारायलेत आणि उत्तर एकच, इष्टांक (म्हणजे लाभार्थ्यांचा ठरवून दिलेला आकडा) शिल्लक नाही. त्यांचं आधी होऊ द्या. आणि ज्यांची मुलं कमावती आहेत त्या म्हाताऱ्यांना सरकारनं का सांभाळायचं? मुलांना धरा.

रेणा

मोंढा, तुमचा इष्टांकाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि त्यावर वेगळा धागा व्हायला पाहिजे. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, त्यातली महाराष्ट्राची मर्यादा साधारण ७ कोटी लोकांची, आणि ती आजही २०११ च्या जनगणनेवर बसवलेली आहे. त्यानंतर जन्मलेलं प्रत्येक लेकरू त्या आकड्याच्या बाहेर. पण म्हणून रांगेत घरवाला पुढे आणि बेघर मागे, असं कायद्यात नाही. दोघांनाही अर्ज देऊन प्रतीक्षेत नाव लावायचा सारखाच हक्क आहे. केंद्राच्या अन्न खात्याने जून २०२१ मध्ये राज्यांना कळवलं होतं की रस्त्यावर राहणारे, कचरा वेचणारे, रिक्षा ओढणारे अशांना शोधून कार्डं द्या. आपणहून द्या, असा त्याचा अर्थ. त्यांनी फेऱ्या मारायच्या नाहीत, यंत्रणेने त्यांच्यापर्यंत जायचं.

कोण किती कमावतं तेही बघू. २१,००० ला ३६५ ने भागा. दिवसाला ५७ रुपये आणि काही पैसे. भंगार वेचून एखादी बाई रोज शंभर रुपये मिळवत असेल तर कागदावर ती "निराधार" उरत नाही. शंभर रुपयांत ती दोन वेळा जेवते, शौचालयाचे पैसे देते, गोळ्या घेते. ही मर्यादा कित्येक वर्षं हललेली नाही. अनुदान वाढवलं, ते चांगलं केलं, पण दार तेवढंच अरुंद ठेवलं. माझा खरा राग इथे आहे. आपण बेघर माणूस खरा की खोटा यावर वाद घालत बसतो आणि ५७ रुपयांच्या रेषेवर कोणी बोलत नाही.

मुलांबद्दल. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, मुलांकडून महिन्याला १०,००० पर्यंत निर्वाहभत्ता लावता येतो. म्हाताऱ्या माणसाला टाकून देणं त्या कायद्याने गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. पण चाकणला गेलेला मुलगा आठ-दहा माणसांच्या खोलीत राहून ठेकेदाराकडे राबत असेल, तर त्याला धरून काय निघणार? आणि तो सापडेपर्यंत बाईने खायचं काय? दोन्ही गोष्टी एकावेळी चालू शकतात. मुलाचा शोध लागेपर्यंत पगार अडवू नये.

याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात १५० ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

मोंढा

आकडा मी कधी भागून बघितला नव्हता. ५७ रुपयांत आमच्या हमालाचा चहा-नाश्ता होत नाही. इष्टांकाचं मात्र मी सोडणार नाही, वेगळा धागा काढतो.

घाटीतली_सिस्टर

दवाखान्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. संभाजीनगरला नोकरी करते.

रात्री रुग्णवाहिकेतून "अनोळखी" म्हणून आणलेली माणसं येतात. उपचाराला पत्ता लागत नाही, कागद लागत नाही. तातडीच्या रुग्णाला कोणी परत पाठवू शकत नाही. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरसकट सगळं मोफत आहे. घाटीसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे येतात, तिथे वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं. हे पद मोठ्या रुग्णालयात असतं आणि लोकांना माहीतच नसतं. गरीब रुग्णाची फी माफ करून घेणं, महात्मा फुले आरोग्य योजनेचे कागद जमवणं, नातेवाईक शोधणं ही त्यांची कामं. बेघर माणसाला घेऊन आलात तर आधी ती खोली विचारा.

आता मनोरुग्णांचं. स्टँडवर, स्टेशनवर जी माणसं स्वतःशी बोलत फिरतात, ज्यांना लोक दगड मारतात, त्यांच्यासाठी मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ आहे. कलम १८ मध्ये स्पष्ट आहे की दारिद्र्यरेषेखालच्या, निराधार किंवा बेघर माणसाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थांत मानसिक उपचार मोफत, मग त्याच्याकडे बीपीएल कार्ड असो वा नसो. कलम १०० प्रमाणे अशा भटकणाऱ्या आजारी माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. पोलिसांना फोन करताना हे कलम तोंडपाठ सांगा, फरक पडतो. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६.

मला सगळ्यात जास्त लागतं ते डिस्चार्जच्या दिवशी. पायाचं ऑपरेशन झालेला माणूस, टाके ओले, आणि त्याला गेटबाहेर फुटपाथवर सोडायचं. दोन दिवसांनी तोच माणूस जखम चिघळून परत येतो. तुमच्यापैकी जे स्टँडवर जेवण देतात त्यांनी अशा माणसाचं ड्रेसिंग कुठल्या तारखेला आहे एवढं जरी लक्षात ठेवलं तरी एखादा पाय वाचतो.

बालाघाट

खूप माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली.

नांदेडला स्टेशनवर झोपणारी बरीच माणसं जेवायला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जातात. तिथं कोणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, ताट पुढं येतं. म्हणून भुकेचा प्रश्न तिथं थोडा हलका आहे. पण औषधाला, चपलेला, अंथरुणाला पैसे लागतातच. जेवण मिळतंय म्हणजे पगारीची गरज नाही असं कोणी म्हणू नये.

गोदाकाठ

थोडी चांगली बातमी.

कोयता_सुटला यांनी सांगितल्याप्रमाणं आधी आधार केंद्रावर गेलो. मावशींची बोटं लागेनात. ऑपरेटर मुलगी चांगली होती. तिनं काच पुसली, ओल्या फडक्यानं बोटं पुसली, एकेक बोट दाबून धरलं, लाल दिवा काही जाईना. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. दुसऱ्या डोळ्याला मशीन लावली आणि लागली. नाव आलं, गाव आलं, फोटोही आला, काळेभोर केस असलेला. मावशी बराच वेळ त्या प्रिंटकडं बघत होत्या, मग म्हणाल्या, "ह्यात मालक पण असतील का?"

रेशनचंही निघालं. नंबर टाकला तर कार्ड चालू, नवऱ्याचं नाव अजून तसंच, यांचंही आहे. आधार जोडलेलं नव्हतं ते जोडून ई-केवायसी केली. ह्या महिन्यापासून इथल्याच दुकानातून त्यांच्या वाट्याचं धान्य मिळेल. शिजवायचं कुठं हा प्रश्न आहे. शेजारच्या खानावळीच्या ताईंनी रोजचं त्यांच्याकडं शिजवून द्यायचं कबूल केलंय.

अडचण आलीय ती वयाची. मावशी स्वतःला सत्तरच्या म्हणतात, आधारवर १ जानेवारीची तारीख आहे आणि हिशेबानं ६२ भरतात. आता वय दुरुस्त करायला जन्माचा पुरावा कुठून आणायचा?

जुना_पेशकार

वयाच्या मागे अजिबात लागू नका. ६२ असतील तर संजय गांधी योजनेत निराधार विधवा म्हणून अर्ज करा. रक्कम तीच. ६५ झाल्या की श्रावणबाळमध्ये घ्यायला अर्ज द्या. दुरुस्तीच्या नादात वर्ष जातं आणि आधारवर एक, मतदार यादीत दुसरं असा नवा घोळ होतो.

पतीचा मृत्यूचा दाखला लागेल. गावच्या ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद झालेली आहे का ते आजच फोन करून विचारा. नोंद नसेल तर उशिराच्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्यात वेळ जातो, म्हणून हे काम आधी सुरू करा. तोवर नवऱ्याचं नाव रेशनकार्डावरून कमी करायचा अर्जही देऊन टाका. एवीतेवी कायद्याप्रमाणे कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या प्रौढ बाईचंच नाव असतं, तेव्हा कार्ड मावशींच्याच नावावर होईल.

खातं पोस्टाच्या बँकेत उघडा. पैसे आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. पोस्टमन किंवा ग्राहक सेवा केंद्रवाला अंगठ्यावर रक्कम देतो, आणि मावशींचा अंगठा लागत नाही, म्हणून पासबुकवर काउंटरवरून काढायची सवय लावा.

एक सावधगिरी कळकळीने सांगतो. "मी पगार चालू करून देतो, पहिली तीन महिन्यांची माझी" म्हणणारी माणसं प्रत्येक तहसीलच्या आवारात असतात. त्यांच्या हाती पिशवी देऊ नका. आणि तुम्ही मदत करणाऱ्यांनीही कुणाचं पासबुक, एटीएम स्वतःकडे ठेवायचं नाही. झेरॉक्स ठेवा, मूळ कागद त्यांच्याच कमरेला. पावसात भिजले, सफाईत पोतं उचललं गेलं, चोरी झाली, तर झेरॉक्सवरून सगळं परत उभं राहतं.

दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. बेघर माणसाची पगार बंद पडते ती बहुतेक वेळा यामुळेच. नोटीस गावच्या पत्त्यावर जाते आणि माणूस स्टँडवर असतो. तारीख तुमच्या मोबाइलात टाकून ठेवा.

वकील_नांदेडकर

जोड देतो. अर्ज अडवून धरला किंवा विनाकारण नाकारला तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. नंबर १५१००. ज्या सेवा लोकसेवा हक्क कायदा २०१५ खाली अधिसूचित आहेत त्यांना मुदत ठरलेली आहे आणि उशीर झाला तर अपील करता येतं. उत्पन्नाचा दाखला त्यात येतो.

रूळाकाठचा

पूर्णेहून लिहितोय. धागा वाचून विचारावंसं वाटलं. इथं जंक्शनच्या बाहेर एक जण बसतो, वय पस्तिशीच्या आत, एक पाय गुडघ्याच्या वरून कापलेला. गाडीखाली गेला होता म्हणतो. आधार आहे, बाकी काही नाही. बोली तेलंगणाकडची वाटते, पण सांगतो की लहानपणापासून इकडंच. याचं काय होऊ शकतं?

घाटीतली_सिस्टर

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी. पाय गुडघ्यावरून गेलाय म्हणजे ४० टक्क्यांच्या वरच निघेल. ते मिळालं की एसटीची सवलत, कृत्रिम पाय आणि निराधार योजना अशी तिन्ही दारं उघडतात. अपघातानंतर ज्या दवाखान्यात पाय काढला तिथलं डिस्चार्ज कार्ड मिळालं तर छान, नसलं तरी तपासणी अडत नाही.

जुना_पेशकार

दिव्यांगांना उत्पन्नाची मर्यादा २१ हजार नाही, ५०,००० आहे. आणि त्यांचं अनुदान २५०० करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला, हे खिडकीवर आवर्जून सांगा.

याच्या बाबतीत खरी मेख १५ वर्षांच्या रहिवासाची आहे. आधारवरचा पत्ता कुठला आहे ते आधी बघा. महाराष्ट्राचा असेल तर त्या गावापासून सुरुवात करा. शाळेत गेला होता का विचारा, पहिली-दुसरीत का होईना. शाळेच्या निर्गम उताऱ्यात नाव आणि तारीख सापडली की काम निम्मं झालं. आणि पत्ता तेलंगणाचा निघाला तर तिथेही दिव्यांगांची पेन्शन आहे, ती कुठे मिळायला हवी ते आधी ठरवा, दोन्हीकडे अर्ज करू नका. रेशन मात्र कार्डावर नाव असेल तर कार्ड कुठलंही असलं तरी पूर्णेत मिळेल.

रूळाकाठचा

शाळेचं सुचलंच नव्हतं. उद्या विचारतो. परभणीला तपासणीचा वार कोणता?

घाटीतली_सिस्टर

वार बदलतात, म्हणून जिल्हा रुग्णालयात आधी फोन करूनच निघा. एवढ्या लांब कुबडीवर नेऊन परत आणायची वेळ येऊ नये. सकाळी लवकर पोचा, आधारची मूळ प्रत आणि पासपोर्ट फोटो सोबत ठेवा. फोटो काढायला त्याच्याकडे पैसे नसतील तर तेवढे तुम्ही घाला.